विद्यापीठाच्या वायफायवर आयफोनची नोंदणी दर पंधरवड्याला का उडते? आणि वसतिगृहाच्या फॉर्मवर मॅक ॲड्रेस लिहून देणं सुरक्षित आहे का?

फोनचं आधी उरकतो. नोंदणी उडत नाहीये, तुमचा फोनच अधूनमधून नवं नाव सांगतोय. आयओएस १४पासून (२०२०) आयफोन प्रत्येक वायफायला खऱ्याऐवजी बनावट मॅक ॲड्रेस (नेटवर्कवर उपकरण ओळखायचा बारा अक्षरांचा पत्ता) देतो. आयओएस १८ तर पासवर्ड नसलेल्या नेटवर्कवर तो ठरावीक काळाने बदलतोसुद्धा. विद्यापीठाच्या नेटवर्कपुढचा 'आय' दाबा, प्रायव्हेट वायफाय ॲड्रेस 'फिक्स्ड' करा आणि मग दिसेल तो आकडा नोंदवा. तुमचं संगणक केंद्र बनावट पत्ता घेत नसेल तर 'ऑफ' करा. पत्त्यातलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बनावट, हे त्यांनाही एका नजरेत कळतं.

आता 'सुरक्षित आहे का'. या प्रश्नावर मी सोळा वर्षं दात-ओठ खात बसलोय.

२००९ साली मी वसतिगृहात होतो. वायफाय नव्हतं, खोलीत लॅनचं, म्हणजे तारेने नेट जोडायचं, एक सॉकेट आणि दोघांचे लॅपटॉप जोडायला त्यात मी आणि खोलीमित्राने घातलेला चार पोर्टचा स्विच. आदल्या वर्षी अहमदाबादच्या स्फोटांआधीचा धमकीचा ईमेल सानपाड्यातल्या एका घराच्या उघड्या वायफायवरून गेला होता, त्यामुळे जिथे तिथे नोंदणीची लाट आली होती. आमच्याकडेही फॉर्म आला: नाव, खोली, लॅपटॉपचा मॅक ॲड्रेस, वॉर्डनची सही. त्यानंतर केंद्राने काय केलं असेल? नोंदणी झालेल्यांची यादी, नाव-खोली-मॅक ॲड्रेससकट, मेसच्या बाहेरच्या फलकावर लावली. ज्याचं नाव नसेल त्याने येऊन भेटावं म्हणून.

दिवाळीला मी बार्शीला गेलो, लॅपटॉप घेऊन. परत आलो तर दारावर नोटीस: सुट्टीत तुमच्या संगणकावरून रोज चित्रपट उतरवले गेले, पाचशे रुपये दंड, महिनाभर नेट बंद. मी एसटीची दोन्ही तिकिटं घेऊन केंद्रात गेलो. तिथले प्रमुख म्हणाले, "तिकीट तुझं आहे, लॅपटॉपचं नाही. इथेच ठेवून गेला असशील."

मी म्हटलं, सर, माझा पत्ता कुणीही लावू शकतो. त्यावर त्यांनी जे वाक्य म्हटलं ते मला आजही झोपेतून उठवतं: "मॅक ॲड्रेस कारखान्यातून कोरून येतो, तो बदलता येत नाही."

मी विशीतला. मूर्ख. तिथल्या तिथे त्यांच्याच टेबलावर लॅपटॉप उघडला. डिव्हाइस मॅनेजर, नेटवर्क कार्ड, ॲडव्हान्स्ड, 'नेटवर्क ॲड्रेस'च्या चौकोनात बारा अक्षरं. विंडोज एक्सपीच्या जमान्यात मिनिटभराचं काम. बारा अक्षरं कुणाची घातली? त्यांच्याच संगणकाची, पत्त्याची चिठ्ठी त्याच्या अंगावर चिकटवलेली होती. सरांनी शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे तुला हे येतं. मग तूच केलंस." दंड हजार झाला.

करणारा अर्थातच माझा खोलीमित्र होता. त्याचा रोजचा कोटा संपायचा, म्हणून माझा पत्ता लावून माझा वापरायचा. साखरपुड्यात त्याने सगळ्यांसमोर हसत हसत कबुली दिली. मीही हसलो. माझे हजार रुपये त्याने अजून दिलेले नाहीत.

तर माझं मत असं: मॅक ॲड्रेस म्हणजे दारावरची पाटी आहे, आधार कार्ड नव्हे. तो चोरायला फलकाचीसुद्धा गरज नाही, वायफायवर तो हवेत उघडाच फिरत असतो. त्यावर विसंबून विद्यार्थ्याला दंड करणारा माणूस नेटवर्क सांभाळायच्या लायकीचा नाही. आता मी स्वतः एका कॉलेजचं नेटवर्क सांभाळतो आणि आमच्याकडे प्रत्येकाचं स्वतःचं युजरनेम-पासवर्ड आहे, ज्याला ८०२.१एक्स म्हणतात ते. एज्युरोम, म्हणजे जगभरच्या विद्यापीठांचं सामायिक वायफाय, तेही त्यावरच चालतं. तुमच्या विद्यापीठात एज्युरोम असेल तर फॉर्मच्या नादी लागूच नका, फोन थेट त्याला जोडा.

तेवढं एक न्यायाने सांगायला हवं. प्रिंटर, टीव्ही, प्रयोगशाळेतली जुनी यंत्रं यांना पासवर्ड टाकता येत नाही, त्यांच्यासाठी नोंदणीला पर्याय नाही. ती आम्हीही करतो. आणि कुणी कधी काय वापरलं याचे लॉग, म्हणजे नोंदी, संगणक केंद्राला ठेवावेच लागतात, सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या आदेशाने १८० दिवस. त्यामुळे फॉर्म मागणारा कारकून तुमच्यावर पाळत ठेवतोय असं समजून त्याच्याशी भांडू नका. मॅक ॲड्रेस द्या. तेवढ्यावरून तुमचा फोन कुणी उघडू शकत नाही.

फक्त सुट्टीत गावी जाताना एक ईमेल टाकून ठेवा, 'अमुक तारखेपासून माझं उपकरण इथे नाही, नोंदणी तात्पुरती बंद करा' असा. एसटीचं तिकीट चालत नाही.