पलटण दक्षिण सुदानला, पगार सासूच्या खात्यात

सिन्नर तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलंय. नवरा मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत पलटणीबरोबर वर्षभरासाठी दक्षिण सुदानला गेलाय. लग्नाला नऊ वर्षं झाली. दोन मुलं आहेत, एक सात वर्षांचं आणि एक चार वर्षांचं. निघण्याआधी सासरी भांडण झालं, तेव्हापासून ताई मुलांना घेऊन माहेरी आहेत. नवऱ्याने पैसे बंद केले. पगार आता निफाडला त्याच्या आईच्या खात्यात वळता होतो. फोनवर तो दोनच गोष्टी सांगतो: ‘आईजवळ राहायला जा, मग बघू’ आणि ‘यूएनचे डॉलर परत आल्यावर मिळतात, आत्ता कुठून देऊ?’

ताई, पत्राबरोबर पासबुकाच्या पानाचा फोटो पाठवलात ते फार बरं केलंत. जूनपर्यंत दर महिन्याच्या दोन-तीन तारखेला १५,००० जमा, आणि त्यानंतर एकच नोंद, व्याजाचे ३८ रुपये. कोर्टात मी तुमच्या तीन पानी पत्राआधी हे पान पुढे करीन.

भाऊकीतल्या एकाने तुम्हाला सांगितलं की तो आता यूएनचा माणूस, त्याला आपलं कोर्ट लागू नाही. दुसरा म्हणाला, कोर्टातून पगारावर जप्ती आणा. दोघंही चुकताहेत, पण दुसऱ्याच्या नादी लागलात तर वर्ष वाया जाईल.

पहिल्याचं आधी. निळी टोपी घातली म्हणून शिपाई आपल्या फौजेचा राहत नाही असं नसतं. आर्मी ॲक्ट, १९५० त्याला जगात कुठेही असला तरी लागू आहे. पगारही भारतातूनच, इथल्याच खात्यात होतो. डॉलरचं म्हणाल तर संयुक्त राष्ट्रं दर शिपायामागे महिन्याला १,४०० डॉलरच्या पुढे रक्कम देतात, पण ती भारत सरकारला. पलटणीतल्या जवानाच्या हातात तिकडून थेट पडतो तो दिवसाला १.२८ डॉलरचा भत्ता आणि थोडा रजेचा पैसा. परदेशातल्या नेमणुकीचा भत्ता वेगळा, तो आपलं सरकार देतं. तेव्हा ‘डॉलर आल्यावर’ ही सबब टिकत नाही. दर महिन्याचा पगार चालूच आहे.

आता जप्ती. आर्मी ॲक्टचं कलम २८ सांगतं की दिवाणी किंवा महसुली कोर्टाला सैनिकाचा पगार आणि भत्ते जप्त करता येत नाहीत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्येही तशीच सूट आहे. (पोलीस शिपायाला ती नाही. तुमचा नवरा महाराष्ट्र पोलिसांत असता, तर खावटीच्या हुकमावर पगारातून थेट कपात करून घेता आली असती.) पण पगाराला हात लावायचा दरवाजा फौजेने स्वतः ठेवलाय, तो कलम ९१ मध्ये. पत्नी आणि मुलांच्या पोटगीसाठी जवानाच्या पगारातून रक्कम कापायचा हुकूम लष्कराचे वरिष्ठ अधिकारी देऊ शकतात. २००१ सालच्या आर्मी ऑर्डरप्रमाणे पत्नीला २२ टक्क्यांपर्यंत, प्रत्येक मुलामागे साडेपाच, आणि सगळं मिळून ३३ टक्क्यांच्या वर नाही. तुमचा हिशेब बरोबर ३३ वर येतो. समजा पगार-भत्ते ६०,००० असतील, तर १९,८००. म्हणजे आधी यायचे त्याहून जास्तच.

या कामासाठी तुम्ही दोनदा नाशिक रोड कॅम्पात जाऊन आलात आणि गेटवरूनच परत फिरलात. साहजिक आहे. तिथलं रेकॉर्ड ऑफिस, म्हणजे जवानांच्या नोकरीच्या नोंदी ठेवणारं कार्यालय, तोफखान्याचं. तुमच्या नवऱ्याचं रेकॉर्ड बेळगावला. पण कलम ९१ खालच्या पोटगीचं पत्र त्याआधी पलटणीच्या सीओंच्या (कमांडिंग ऑफिसर, पलटणीचे प्रमुख) नावाने गेलं पाहिजे. पलटण बाहेर गेली तरी मागे रिअर पार्टी, म्हणजे इथलं काम बघणारी तुकडी, असते. त्यांच्याकडून पत्ता मिळेल, नाहीतर जुन्या पत्रावरचा एपीओचा (लष्करी टपाल कार्यालयाचा) पत्ता चालेल. पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा आणि एक प्रत बेळगावला. नाशिकचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय नोकरीत असलेल्यांच्या कुटुंबांचीही कामं बघतं, पत्र त्यांच्यामार्फत गेलं तर आणखी बरं.

पत्रात काय लिहायचं? नवऱ्याचा आर्मी नंबर, रँक, नाव, कंपनी. लग्नाची तारीख, मुलांची नावं आणि जन्मतारखा. पैसे कधीपासून बंद, तुमचं स्वतःचं उत्पन्न किती, शाळेची फी किती. सोबत लग्नाचा दाखला, जन्मदाखले, पासबुकाची झेरॉक्स आणि तुमचं डिपेंडंट कार्ड. कार्ड आहे म्हणजे पार्ट टू ऑर्डरमध्ये, अर्थात फौजेच्या अधिकृत नोंदीत, लग्नाची नोंद झालेली आहे, तो वाद मिटला. एका पानात आटपा. नणंद काय बोलली, दिवाळीत काय झालं, त्याचा फोन कुणाला लागतो, यातलं काहीही नको. सीओ साहेबांना तुमच्या भांडणाचा निवाडा करायचा नाही, त्यांना शिफारस वर पाठवायची आहे. आणि ‘याला शिक्षा करा’ हे तर अजिबात लिहू नका. त्याची नोकरी गेली तर ३३ टक्के कशाचे घ्याल?

पलटण आधी त्याला समजावून बघेल, मग नोटीस देऊन त्याचं म्हणणं घेईल, मग कागद वर जाईल. महिने लागतात. कधी कधी सुभेदार मेजर साहेबांनी बोलावून चार शब्द सुनावले की दुसऱ्याच महिन्यात पैसे येतात, हेही मी पाहिलंय. त्यावर विसंबू नका.

म्हणून त्याच आठवड्यात सिन्नरच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पोटगीचा अर्जही करा. फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं कलम १२५ म्हणजे आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४. तुम्ही राहता तिथे अर्ज चालतो, निफाडला जायची गरज नाही. अंतरिम पोटगी मागा, नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत त्यावर निर्णय व्हावा असं कायदा म्हणतो. समन्स त्याच्या पलटणीमार्फत बजावता येतं. दिवाणी दावा मात्र आत्ता नको. परदेशात नेमणुकीवर असलेल्या सैनिकाच्या बाजूने कोणी हजर नसेल, तर १९२५ च्या सैनिक दावे कायद्याखाली दिवाणी काम थोपवून ठेवता येतं.

कोर्टात दोघांनाही मिळकतीचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागेल, सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात ते बंधनकारक केलंय. परदेशी भत्ता त्याला तिथे दाखवावाच लागेल. तुम्हीही पलटणीकडे केलेला अर्ज लपवू नका, दोन्हीकडची रक्कम एकमेकांत वळती होते. त्याच निकालाप्रमाणे पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते, म्हणून उशीर करू नका. आणि जप्ती चालत नाही ती पगारावर. निफाडच्या द्राक्षबागेतल्या त्याच्या हिश्श्याला असं कवच नाही.

‘आईजवळ राहा’ या अटीबद्दल. सबळ कारण नसताना नवऱ्याबरोबर राहायला नकार देणाऱ्या पत्नीला पोटगी नाकारता येते, हे खरं. पण तो आहे दक्षिण सुदानला. सासूबरोबर राहणं म्हणजे नवऱ्याबरोबर राहणं नव्हे. मुलांच्या पोटगीला तर ही अट लागूच होत नाही. तरी तुम्ही त्याला रागाच्या भरात व्हॉट्सॲपवर ‘मी आयुष्यात परत येणार नाही’ असं लिहिलंत, तो मेसेज त्याचा वकील पहिल्याच तारखेला दाखवेल. पुसून टाकू नका, त्याच्याकडे आहेच. आज त्याला साध्या भाषेत लिहा: तुम्ही परत आलात की मी मुलांसह तुमच्याबरोबर राहायला तयार आहे, तोवर मुलांचा खर्च द्या. हे तुमच्या मनात असेल तरच लिहा.

आईला पैसे देतो म्हणून तो वाईट ठरत नाही, तिचाही त्याच्यावर हक्क आहे. कोर्ट तेवढं धरेल, पण सगळा पगार तिकडे हे चालणार नाही.

वकिलाच्या फीची काळजी पत्रात आहे. सिन्नर कोर्टात तालुका विधी सेवा समिती आहे. बाईला उत्पन्नाची अट न लावता फुकट वकील मिळतो, फक्त साधा अर्ज करायचा. जाताना सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स न्या. मूळ पासबुक कुणाच्याही हातात देऊ नका.