वाचकांचे प्रश्न : शेतकऱ्याने आमदारकी लढवायची तर

प्रश्न : सात एकर शेती. तिसरे अपत्य २००४ मधले. विकास सोसायटीचे पीककर्ज आणि पंपाचे वीजबिल थकले आहे. अपक्ष म्हणून विधानसभेचा अर्ज भरता येईल का?

उत्तर : येईल. तुम्ही ग्रामपंचायतीचे नियम विधानसभेला लावताय. दोन अपत्यांची अट स्थानिक स्वराज्य संस्थांना आहे, विधानसभेला नाही. थकबाकीमुळे सोसायटीच्या संचालकपदाला अडचण येईल, आमदारकीला नाही. वय २५ पूर्ण आणि राज्यातल्या कोणत्याही मतदारसंघाच्या यादीत नाव, एवढे पाहा. यादीतले नाव दुसऱ्या मतदारसंघातले असेल, तर त्याची प्रमाणित प्रत जोडा.

अनामत १० हजार रुपये. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५ हजार. अपक्षाला दहा सूचक (अर्जावर सही करून त्याचे नाव सुचवणारे) लागतात आणि ते दहाही त्याच मतदारसंघाचे मतदार हवेत. अंगठा लावणारा सूचक असेल तर त्याला निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर न्या. घरी घेतलेला ठसा छाननीत अडकतो. अर्जाचे चार संच भरता येतात, अनामत एकदाच.

खरी ठेच लागते ती नमुना २६ च्या, म्हणजे मालमत्ता, कर्ज आणि गुन्हे जाहीर करायच्या प्रतिज्ञापत्रात. एकही रकाना कोरा सोडू नका, लागू नसेल तिथे 'निरंक' किंवा 'लागू नाही' लिहा. नोटीस देऊनही रकाने कोरेच राहिले तर अर्ज बाद होऊ शकतो. सामाईक सातबारा असेल तर गट नंबर, क्षेत्र, स्वतःचा हिस्सा आणि आजची अंदाजे किंमत लिहा. पीककर्ज आणि वीजबिल दायित्वात दाखवा. थकबाकी असणे हा दोष नाही, ती लपवणे हा आहे. शेतीचे उत्पन्न करमुक्त म्हणून विवरणपत्र भरलेच नसेल, तर तसे लिहा.

आणि शपथ! प्रतिज्ञापत्र नोटरीकडे झाले की काम संपले असे अनेकांना वाटते. राज्यघटनेशी निष्ठेची शपथ वेगळी असते. अर्ज दिल्यानंतर, छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत ती घ्यावी लागते. अर्ज देताच तिथेच उरका.

प्रश्न : निवडून आल्यावर पीकविम्याचा प्रश्न सभागृहात कसा मांडतात?

उत्तर : तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतो, अतारांकिताचे उत्तर लेखी येते. तातडीच्या बाबीकडे मंत्र्यांचे लक्ष वेधायला लक्षवेधी सूचना. 'शेतकऱ्यांना विमा मिळत नाही हे खरे आहे काय' असे ढोबळ विचारले की 'हे खरे नाही' आणि पुढच्या भागांना 'प्रश्न उद्भवत नाही' असे छापून येते. तालुका, हंगाम, पीक, प्रलंबित अर्जांची संख्या आणि शेवटी 'नसल्यास विलंबाची कारणे काय' हे घाला. आकडे आधी माहिती अधिकारातून मिळवा. मंत्र्यांनी शब्द दिला तर तो आश्वासन समितीकडे (सभागृहात दिलेले शब्द पाळले का हे पाहणारी समिती) जातो, तिथे पाठपुरावा करा. बरेच आमदार इथेच ढिले पडतात.

प्रश्न : प्रचाराला स्वतःचीच जीप आहे. ती खर्चात धरायची का?

उत्तर : हो, ठरवून दिलेल्या दराने. ट्रॅक्टरही. महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाख रुपये. अर्जाच्या किमान एक दिवस आधी स्वतंत्र बँक खाते उघडा. एका व्यक्तीला किंवा संस्थेला १० हजारांवर रक्कम रोखीने देऊ नका. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यावा लागतो, अगदी पडलेल्या उमेदवारालाही. न दिल्यास तीन वर्षे अपात्रता येऊ शकते.