कॉमिक स्ट्रिप फक्त मुलांसाठी असते का?

प्रश्न: पेपर आला की आमच्याकडे नातू आणि आजोबा दोघंही आधी कॉमिक स्ट्रिप शोधतात, मोठ्यांना त्यात एवढं काय सापडतं? – एक वाचक, कोथरूड

उत्तर: अहो, ती फक्त मुलांची नाहीच मुळी! आपल्या पुण्यात १९९१ मध्ये 'सकाळ'मधून चिंटू सुरू झाला, त्यात नातवाला चिंटूची खोडी दिसते आणि आजोबांना त्याच चौकटीत आईबाबांची दमछाक. 'केल्विन अँड हॉब्ज' या अमेरिकन स्ट्रिपमधली मुलाची आणि वाघाची नावं तर धर्मचिंतक जॉन केल्विन आणि तत्त्वज्ञ थॉमस हॉब्ज यांच्यावरून घेतलीयेत, आणि त्यातला वाघ बाकीच्यांना कापडी खेळणं दिसतो पण केल्विनसाठी तो जिवंत सवंगडी, आता खरं कुणाचं हे तिचा चित्रकार बिल वॉटरसनने कधी ठरवून दिलंच नाही, मला तर हेच सगळ्यात भारी वाटतं. एकदा दोघांना एकच स्ट्रिप देऊन वेगवेगळं विचारून बघा, काय दिसलं ते.