'सुंदर वर्णन' या शब्दांना किती गुण?

अनेक आशीर्वाद.

तुझ्या अभ्यासातल्या दोन चाचण्यांपैकी उत्तरचाचणीची, म्हणजे शिकवून झाल्यावरची, तू पाठवलेली 40 रसग्रहणं काल रात्री वाचून संपवली. बालकवींच्या 'औदुंबर'वर नववीच्या मुलांनी इतकं मनापासून लिहिलंय, फार बरं वाटलं. गुणदान मात्र तुला पुन्हा करावं लागणार.

'कवीने निसर्गाचे सुंदर व हुबेहूब वर्णन केले आहे. भाषा सोपी व ओघवती आहे.' याला तू चारपैकी तीन दिलेस. हे वाक्य कुठल्याही निसर्गकवितेखाली चिकटवता येईल. गाइडमधून पाठ झालेलं आहे ते. त्याच गठ्ठ्यात एका मुलाने लिहिलंय, 'आधी सगळं हिरवं, मग वाट पांढरी, शेवटी डोह काळा. म्हणून भीती वाटते. पन काळिमाला गोड का म्हटलंय ते कळत नाही.' त्याला एक! अगं, आठ ओळींत रंग कसे सरकत जातात हे त्याने पाहिलं, भीतीचं कारण शब्दांत शोधलं आणि 'गोड काळिमा'पाशी अडला. या कवितेच्या अर्थावर जाणत्या समीक्षकांचंही एकमत नाही. त्याचं अडणं हेच त्याचं विश्लेषण आहे, आणि तुझ्या निकषांत त्याला जागाच नाही.

'आशय, भाषा, सौंदर्य, मांडणी' हे रकाने काढून टाक. कवितेतला नेमका शब्द उचलला का, त्या शब्दाने काय घडतं ते सांगितलं का, दोन जागा एकमेकींशी जोडल्या का, एवढंच बघ. शुद्धलेखनाची नोंद वेगळी ठेव, बेरजेत धरू नकोस. प्रत्येक पातळीसाठी दुसऱ्या तुकडीतलं एक खरं उत्तर नमुना म्हणून समोर ठेव. नुसत्या व्याख्येवर विसंबलं की हात सैल सुटतो.

दुसरा परीक्षक हवाच. अमेरिकेत 1961 साली पॉल डिडरिक आणि सहकाऱ्यांनी 300 निबंध 53 जणांना नऊ श्रेणींत लावायला सांगितले. त्यातल्या 101 निबंधांना नऊच्या नऊ श्रेणी मिळाल्या! कुणी विचार पाहत होतं, कुणी मांडणी, कुणी शुद्धता. तुम्हा दोघींचे गुण किती टक्के जुळले एवढ्यावर थांबू नकोस. बहुतेकांना दोनच गुण पडत असतील तर योगायोगानेही बरेच जुळतात. तो योगायोग वजा करण्यासाठी कोहेनचा कप्पा (kappa) हा जुळणी मोजणारा आकडा काढ.

एक माझी चूक सांगते. एम.एड.च्या वेळी मी शिकवण्याआधीच्या पूर्वचाचणीचे आणि उत्तरचाचणीचे गठ्ठे वेगवेगळे ठेवून, स्वतःच तपासले. अक्षरं ओळखीची, कुठला गठ्ठा नंतरचा तेही ठाऊक. प्रगती दिसली, दिसणारच होती. तो निष्कर्ष अजून मला खुपतो. तू सगळी उत्तरं चुकांसकट टंकून घे, नावांऐवजी क्रमांक टाक, दोन्ही चाचण्या एकत्र पिसून मग तपास.

नव्या निकषांनी आधी दहा उत्तरं तपास. मी न पाहिलेल्या पूर्वचाचणीतली निवड आणि मलाही पाठव, तुझे गुण मात्र कळवू नकोस. माझे झाले की दोघी फोनवर एकेक उत्तर घेऊन बसू.

दोन्ही चाचण्या आता झाल्याच आहेत, तेव्हा काळिमा गोड का, या त्या मुलाच्या प्रश्नाला वर्गात एक अख्खा तास दे.

तुझी,
बाई