हृदयविकार असेल तर साखरेऐवजी स्वीटनर चालतं का?

तुमच्या वडिलांना स्टेंट बसवलाय, साखर बंद आहे आणि त्याऐवजी आणलेली स्टीव्हिया पावडर हृदयाला घातक आहे का, हा तुमचा प्रश्न. डब्याच्या दर्शनी भागावरचं नाव सोडा, मागची घटकांची यादी वाचा. स्टीव्हियाचा अर्क साखरेच्या 200 ते 300 पट गोड असतो. तो चमच्याने घेता यावा म्हणून त्यात भर घालतात आणि ही भर बऱ्याचदा एरिथ्रिटॉल या साखरेसारख्या दिसणाऱ्या गोड पदार्थाची असते. यादीत ते, किंवा त्याचा 968 हा क्रमांक, सर्वांत आधी असेल तर डब्यात मुख्यतः तेच आहे.

काळजी आहे ती त्याचीच. 2023 मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी हृदयाच्या तपासणीसाठी आलेल्या सुमारे 4,000 जणांचं रक्त पाहिलं. एरिथ्रिटॉल सर्वाधिक असलेल्यांना पुढच्या तीन वर्षांत हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा मृत्यूचा धोका जवळपास दुप्पट दिसला. मात्र हा पदार्थ शरीर स्वतःही बनवतं, त्यामुळे एवढ्यावरून खाण्याला दोष देता येत नाही. खरा इशारा 2024 च्या छोट्या प्रयोगात आहे: निरोगी माणसांना 30 ग्रॅम एरिथ्रिटॉल पाण्यातून दिलं, तर रक्तातलं प्रमाण हजार पटींहून जास्त वाढलं आणि प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) गुठळी करायला जास्त तयार झाल्या. तेवढ्याच ग्लुकोजने तसं झालं नाही. वडिलांच्या रक्त पातळ करण्याच्या गोळ्या ज्या प्लेटलेटना आवरतात, त्याच या. याने अटॅक येतोच असं सिद्ध झालेलं नाही, पण स्टेंट असलेल्या माणसाला मी ते देणार नाही. त्याच प्रकारातलं झायलिटॉलही (967) नको. शुगर-फ्री आइस्क्रीम आणि कीटो केक विशेष तपासा, तिथे एका बैठकीत 30 ग्रॅम सहज पोटात जातं.

अ‍ॅस्पार्टेम किंवा सुक्रालोजच्या गोळ्यांचा हिशेब मिलिग्रॅमचा असतो. अ‍ॅस्पार्टेमच्या एका गोळीत साधारण 20 मिलिग्रॅम. 60 किलोच्या माणसाची दिवसाची मर्यादा 2,400. 2022 च्या एका मोठ्या फ्रेंच पाहणीत यांचाही हृदयविकाराशी संबंध दिसला, पण मुळात वजन किंवा शुगर वाढलेली माणसंच ही जास्त घेतात, म्हणून कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे वेगळं काढणं कठीण. दिवसाला दोन-तीन गोळ्यांना माझी हरकत नाही. फिनाइलकीटोन्युरिया (अ‍ॅस्पार्टेममधला एक घटक शरीराला पचवता न येण्याचा जन्मजात आजार) असेल तर मात्र अ‍ॅस्पार्टेम अजिबात नाही. ते उकळू नका, गोडी जाते. गॅस बंद केल्यावर टाका.

दर आठवड्याला गोडी थोडी थोडी कमी करत नेली तर जिभेला सवय होते. पर्याय म्हणून मध देऊ नका, तोही साखरच आहे.