हत्यारे जास्त, म्हणजे माणसे जास्त?

प्रश्न : पुराश्मयुगातील माणसाचे घर नाही, भांडे नाही; उरली ती दगडी हत्यारे. त्यांच्या विखुरण्यावरून वस्ती कुठे होती हे कसे ठरवतात? जिथे हत्यारे जास्त, तिथे माणसे जास्त, असे मानावे का?

उत्तर : तसे मानू नये. एक हातकुऱ्हाड घडवताना दगडाच्या शेकडो लहानमोठ्या कपच्या उडतात, त्यामुळे एकट्या माणसाची एक दुपारही जमिनीवर मोठा पसारा ठेवून जाते. शिवाय तो पसारा मूळ जागीच आहे की पाण्याने आणून टाकला आहे, हे आधी पाहावे लागते. त्यासाठी देखण्या हत्यारांपेक्षा (संग्रहालयांना तीच प्रिय!) बारीक कचरा अधिक कामाचा असतो. वाहत्या पाण्याबरोबर नखाएवढ्या कपच्या आधी निघून जातात, जड हत्यारे मागे राहतात आणि त्यांच्या कडा झिजून बोथट होतात. उलट कडा बोटाला अजून धारदार लागत असतील, कपच्या आणि त्या ज्यावरून काढल्या तो गाभा एकत्र मिळाला असेल, आणि एखादी कपची गाभ्यावरच्या आपल्याच खाचेत नेमकी बसली, तर पसारा फारसा हललेला नाही असे समजता येते.

त्यानंतर नकाशा बोलू लागतो. कर्नाटकातील हुणसगी व बैचबाळ खोऱ्यांत डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ के. पद्दय्या यांनी अनेक वर्षे पाहणी करून अश्यूलियन काळातील, म्हणजे हातकुऱ्हाडी घडवणाऱ्या प्राचीन पुराश्मयुगीन माणसांच्या काळातील, स्थळे नोंदवली. त्यांपैकी इसामपूर येथे चुनखडकाच्या लाद्या, गाभे, अर्धवट घडलेली हत्यारे आणि कपच्या एकत्र मिळाल्या. म्हणजे दगड काढण्याची आणि घडवण्याची जागा एकच होती. उन्हाळ्यात हे लोक बारमाही झऱ्यांजवळ एकवटत आणि पावसाळ्यात खोरेभर पांगत, असे पद्दय्यांनी मांडले. हे अनुमानच आहे, पण स्थळे आणि पाण्याच्या जागा यांचे नाते पुन्हा तपासता येत असल्याने ते मोलाचे वाटते.

दाट साठ्यांइतकेच सुटे दगडही महत्त्वाचे असतात. पूर्व आफ्रिकेत काम करणाऱ्या ग्लिन आयझॅक यांनी दोन साठ्यांच्या मधल्या विरळ टापूंकडे मुद्दाम लक्ष वेधले, कारण माणूस तिथूनही हिंडत होता. मात्र नकाशावरची कोरी जागा पाहून तिथे कोणी नव्हते असे म्हणू नये. तिथला थर कदाचित जाड गाळाखाली असेल आणि शेजारच्या ओघळीने कापलेल्या काठावर तोच उघडा पडला असेल.