गरोदर आणि बाळंतीण बायकांच्या मदतगटात त्यांची माहिती सुरक्षित कशी ठेवायची?

तुम्ही विचारलंय की कोपरखैरण्यात मैत्रिणी मिळून गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांसाठी मनाच्या आरोग्याचा गट सुरू करताय, समाजमंदिराचा हॉल मिळालाय, एक कंपनी खर्च उचलायला तयार आहे. तर गुगल फॉर्म, व्हॉट्सॲप, हजेरीची वही आणि कंपनीला हवे असलेले फोटो यांचं काय करायचं. मी समुपदेशक आहे, ठाण्यात आणि ऐरोली-घणसोली पट्ट्यात असे गट घेते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माहिती कुणापासून जपायची, हे सगळ्यात आधी ठरवा. बहुतेक जण पासवर्डपासून सुरुवात करतात. पण गटात येणाऱ्या बाईला हॅकरची भीती क्वचितच असते. तिला धास्ती असते ती सासूची, जावेची, समोरच्या दारातल्या काकूंची. "बाळाला जवळ घेतलं तरी काहीच वाटत नाही" हे ती गटात बोलते. तेच वाक्य घरी पोचलं की बाळ हिच्या भरवशावर ठेवायचं की नाही यावर खल सुरू होतो, कधी बाळ इथे आणि ती माहेरी अशी ताटातूट होते. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं, आणि आजही आपल्याकडे "हिला ठाण्याला न्या" हे शिवीसारखं बोललं जातं. त्यामुळे प्रत्येक कागदाबद्दल आणि प्रत्येक मेसेजबद्दल मी एकच प्रश्न विचारते: हे तिच्या घरातल्या कुणाच्या हाती पडलं तर काय होईल?

फोनचंच बघा. घणसोलीच्या गटातली एक पहिलटकरीण आधी दुसऱ्या एका ग्रुपमध्ये होती. तिचा फोन संध्याकाळी पुतण्याकडे, कार्टून बघायला. एकदा सगळे जेवायला बसलेले असताना स्क्रीनवर ग्रुपचं नाव झळकलं, त्यात 'नैराश्य' हा शब्द होता, आणि नुकतंच वाचायला शिकलेल्या पुतण्याने तो मोठ्याने वाचून दाखवला. मेसेज कुणी उघडलासुद्धा नव्हता. ग्रुपच्या नावानेच काम केलं होतं. म्हणून नाव अगदी साधं ठेवा, 'मंगळवार दुपार' असं काहीही चालेल; डीपीवर गरोदर बाईचं चित्र नको.

त्याहून मोठी अडचण म्हणजे साध्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये प्रत्येकीला दुसरीचा नंबर दिसतो, आणि नंबरावरून फोटो, नाव, पुष्कळदा नवऱ्याचं आडनावही. निरोप द्यायला ब्रॉडकास्ट लिस्ट वापरा. तिच्यात कुणाला कुणी दिसत नाही, उत्तरं फक्त तुमच्याकडे येतात. अट एवढीच की तिने तुमचा नंबर सेव्ह केलेला हवा, आणि तो कुठल्या नावाने करायचा हे तिचं तिने ठरवावं. निरोपात फक्त वार, वेळ, जागा. कुणाची विचारपूस तिथे नको. प्रत्येकीशी होणाऱ्या वैयक्तिक चॅटमध्ये आपोआप पुसल्या जाणाऱ्या मेसेजची सोय चालू करा, २४ तास किंवा ७ दिवस. पण स्क्रीनशॉट घेणाऱ्याला ती अडवत नाही हे लक्षात असू द्या.

नाव नोंदवताना मी तीन गोष्टी हमखास विचारते. फोन कोणत्या वेळी केलेला चालेल? दुसऱ्या कुणी उचलला तर मी कोण म्हणून सांगू? आणि गरज पडली तर कुणाला कळवायचं? या तिसऱ्या प्रश्नाच्या रकान्यात नवऱ्याचं नाव आधीच छापून ठेवू नका. कुणी आईचं नाव देते, कुणी मैत्रिणीचं, आणि जिच्या घरी मारहाण होते तिच्यासाठी त्या एका ओळीवर बरंच काही अवलंबून असतं. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी गेलेली असेल तर फोन वहिनीच्या हातात असतो, तेव्हा उत्तरं बदलतात. म्हणून गरोदरपणात एकदा आणि बाळंत झाल्यावर पुन्हा एकदा विचारा.

बाकी माहिती जितकी कमी घ्याल तितकी बरी. आधार नंबर कशाला? पूर्ण पत्ता कशाला? सरकारी योजनांना लागतं ते त्या योजनांनी घ्यावं. आपल्याला हाक मारायला नाव, संपर्काचा मार्ग आणि बाळंतपणाचा अंदाजे महिना पुरतो. गुगल फॉर्म ठेवणारच असाल तर उत्तरांचा गोषवारा सगळ्यांना दाखवण्याची सेटिंग बंद आहे ना ते बघा, आणि उत्तरांची शीट 'लिंक असलेल्या कुणालाही' उघडता येत नाही ना तेही. शीट दोघींच्याच खात्यात असावी. मदतीला आलेली विद्यार्थिनी काम संपवून गेली की त्याच दिवशी तिचा प्रवेश काढा.

हजेरीची वही टेबलावर उघडी ठेवून सह्या घेण्याची पद्धत मला अजिबात मान्य नाही. पाचवी बाई सही करताना वरच्या चौघींची नावं वाचते. त्यात कुणी 'कारण' असा रकाना आखला असेल तर विचारूच नका. प्रत्येकीला सांकेतिक क्रमांक द्या, वहीत फक्त क्रमांक, आणि कुठला क्रमांक कुणाचा ही यादी वेगळ्या कुलपात. गट संपला, काम झालं, की कागद फाडून बारीक तुकडे करा. रद्दीत घालू नका. रद्दीतली वही भेळेच्या पुडीपर्यंत जाते.

तुम्हाला समाजमंदिर मिळालंय हे एका अर्थी बरंच. घोडबंदर रोडवरच्या टॉवरमध्ये गट घेतला तर गेटवरच नाव, नंबर, फोटो आणि 'कुणाकडे, कशासाठी' विचारतात, आणि ते ॲपमध्ये राहतं. तिथे सोसायटीच्या सेक्रेटरींशी आधी बोलून 'आई-बाळ वर्ग' एवढीच नोंद करून घ्यावी लागते. तुमच्याही हॉलच्या दारावर फ्लेक्स लावायचा मोह टाळा.

नाव झाकलं म्हणजे बाई झाकली गेली, असं होत नाही. "सेक्टर अमुक, जुळ्या मुली, नवरा जहाजावर" एवढं म्हटलं की निम्मा नोड, म्हणजे नवी मुंबईतली निम्मी वसाहत, ओळखतो. आपापसात चर्चा करताना, आशाताईंशी बोलताना, अहवाल लिहिताना हे तपशील गाळायची सवय लावून घ्या. आशाताईंशी पहिल्यापासून स्पष्ट ठरवा: त्या बाईला आमच्याकडे पाठवतील, पण आत काय बोललं गेलं ते आम्ही त्यांना सांगणार नाही. त्या त्याच वस्तीतल्या असतात, त्यांनाही लोक खोदून खोदून विचारतात. माहीत नसलं की त्यांचीही सुटका होते. नवऱ्याचा फोन येतो, "माझी बायको तुमच्याकडे येते का?" उत्तर सगळ्यांना एकच, ती येत असो वा नसो: "कोण येतं हे आम्ही कुणालाच सांगत नाही."

गटातल्या बायकांना कायदा बांधत नाही, त्यांना शब्द बांधतो. पहिल्या बैठकीत मी म्हणते, "स्वतःचं घरी जाऊन जेवढं सांगायचं तेवढं सांगा, दुसरीचं काहीही नाही. ती बाजारात भेटली तर तिने ओळख दिल्याशिवाय ओळख देऊ नका." हे दर बैठकीला पुन्हा म्हणावं लागतं, कारण नवी कुणीतरी आलेली असते.

कायद्याचं थोडक्यात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम २३: उपचार देणाऱ्यांवर गोपनीयतेची जबाबदारी. तुमच्या गटात सगळ्या स्वयंसेविका असतील तरी हेच मोजमाप पाळा. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३चे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, संस्थांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर दीड वर्षाने लागू व्हायच्या आहेत. पण सवय आत्ताच लावा: माहिती कशासाठी घेतोय ते मराठीत सांगायचं, तेवढ्यासाठीच वापरायची, आणि संमती देणं जितकं सोपं तितकंच मागे घेणंही सोपं ठेवायचं. "माझं नाव काढा" एवढा एक मेसेज पुरे व्हायला हवा, कारण विचारू नये.

आता गुपित कुठे मोडायचं. हे पहिल्याच दिवशी, तिने तोंड उघडण्याआधी सांगायला हवं, नंतर सांगितलं तर तो विश्वासघात ठरतो. कुणाच्या जिवाला धोका असेल तर आम्ही मदत बोलावणार. मुलगी अठरा वर्षांखालची असेल तर पॉक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या) कलम १९ खाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. बाळंतपणातलं नैराश्य तपासणारी एडिनबरा प्रश्नावली वापरणार असाल तर तिचे दहा प्रश्न ऑनलाइन भरून घेऊन आठवड्याने बघू असं करू नका. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याचं उत्तर त्याच वेळी, ती समोर असताना, कुणीतरी वाचायला हवं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास चालतो, तो प्रत्येकीला द्या. बाळंतपणानंतर पहिल्या दोनेक आठवड्यांत झोप उडाली, आवाज ऐकू यायला लागले, भलतंच काही खरं वाटायला लागलं, तर ती तातडीची वेळ, थेट रुग्णालय. पण "माझ्या हातून बाळ पडेल असा विचार येतो आणि मी घाबरते" असं सांगणारी आई म्हणजे बाळाला धोका, असं समजू नका. नको असलेले असे विचार पुष्कळ आयांना येतात. घरी कळवायचं की नाही हे आधी मानसोपचारतज्ज्ञांना विचारून ठरवा. घाईने केलेला एक फोन तिचं बोलणं कायमचं बंद करू शकतो.

राहिली कंपनी. त्यांना हिशेब हवा असतो आणि तो मागण्याचा त्यांना हक्क आहे. पण हिशेबाला चेहरे लागत नाहीत. किती बैठका, किती जणी, किती जणींना पुढे तज्ज्ञांकडे पाठवलं, एवढं द्या. एखाद्या गटात पाचपेक्षा कमी जणी असतील तर नेमका आकडा न देता 'पाचपेक्षा कमी' लिहा. फोटो हवाच असेल तर बैठक सुरू होण्याआधीचा, रिकाम्या खुर्च्या आणि तुम्ही दोघी-तिघी. "पाठमोरा चालेल" म्हणतील. साडीवरून, वेणीवरून, कडेवरच्या बाळाच्या टोपड्यावरून बाई ओळखू येते, नाही म्हणा. आणि "त्यांची संमती घ्या ना" म्हटलं तर त्यांना सांगा की हॉल, चहा आणि समुपदेशक ज्यांच्या पैशातून मिळतात त्यांना फोटोसाठी नाही म्हणणं या बायकांना जड जातं, त्यामुळे ती संमती मोकळी नसते. लेखापरीक्षकाला हजेरीची वही बघायची असेल तर त्याने तुमच्याकडे येऊन बघावी, झेरॉक्स बाहेर जाणार नाही. हे सगळं करारावर सही होण्याआधीच्या पत्रात लिहून टाका, पैसे आल्यावर बोलणं फार कठीण होतं. पत्राचा मसुदा हवा असेल तर खाली लिहा, मी आमचा देईन.